जाऊबाईंचा उपास

चाळीस दिवसांचा उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी सकाळी मामांनी आम्हां सगळ्यांच्या कपाळाला राख लावली, तेव्हा माझ्या मनात देव नव्हता. माझं सगळं लक्ष जाऊबाईंच्या कपाळाकडे होतं. त्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस कसा रेखीव उमटला होता, आणि माझा मात्र घामाने फिसकटून भुवईपर्यंत आला होता. मी चुलीपुढून उठून आले होते आणि त्या अंघोळ करून, केस विंचरून बसल्या होत्या, एवढंच त्याचं कारण. पण मला वाटलं, राखसुद्धा यांच्याच बाजूची आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. नेकनूरजवळच्या आमच्या गावात ते मिशनचे उपदेशक होते आणि वस्तीतल्या पोरांना शिकवायचेही. पाद्रीसाहेब घोड्यावरून यायचे ते वर्षातून तीन-चारदाच, त्यामुळे बाकीचं सगळं मामांच्याच गळ्यात. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी प्रार्थनेला आणलेल्या शिंदीच्या झावळ्या जाळून ते घरीच राख करायचे. मिशनने त्यांना ओढ्याकाठी तीन खणांचं मातीचं घर दिलं होतं. पुढच्या खणात शाळा भरायची, तिथेच रविवारी प्रार्थना व्हायची, आणि मागच्या दोन खणांत आम्ही राहायचो. आम्ही म्हणजे मामा, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, माझे मालक, मी आणि माझी मुलगी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मुलीला तेव्हा अजून दात आले नव्हते.

राज्य निजामाचं होतं. तालुक्याचे कागद उर्दूत यायचे आणि ते मामांना वाचता येत नसत, म्हणून थोरले दीर वाचायचे. ते नेकनूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. माझे मालक दुसऱ्याची जमीन वाट्याने करायचे, आणि त्या दिवसांत ज्वारीची काढणी चालू असल्याने ते बहुतेक खळ्यावरच असत. म्हणून घरात खऱ्या अर्थाने आम्ही दोघी. जाऊबाई आणि मी.

जाऊबाई जालन्याच्या बोर्डिंगात वाढलेल्या. त्यांचं बोलणं पुस्तकासारखं. 'नाही' म्हणायच्या, 'न्हाई' कधी नाही. त्यांच्या लुगड्याला कधी चुलीचा डाग दिसला नाही, आणि त्या काम करत नव्हत्या असंही नाही. काम करूनही डाग पडत नव्हता, हेच मला सहन व्हायचं नाही. मी केजच्या बाजूच्या खेड्यातली. अक्षर काळं असतं एवढंच मला ठाऊक. आमचं लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी माझी कूस उजवली. त्यांच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. पण मला ते माझं मोठेपण वाटत नव्हतं. लेकरं काय, गावात सगळ्यांनाच होतात. वाचता येणारी बाई मात्र आमच्या पंचक्रोशीत एकच होती.

उपासाच्या चाळीस दिवसांत मामांचा शिरस्ता ठरलेला. दिवे लागले की सगळ्यांनी एकत्र बसायचं. आधी पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायचा, मग प्रार्थना, मग थोडा वेळ गप्प राहून प्रत्येकाने आपल्या मनात बघायचं. "डोळे मिटून झोपायचं न्हाई," मामा सांगायचे. "आत काय पडलंय ते बघा. घरात केर असतो तसा मनातबी असतो." मग उठून प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या ज्वारीतली एक मूठ कोपऱ्यातल्या माठात टाकायची. संध्याकाळी भाकरी न खाता हुलग्याचं पातळ माडगं प्यायचं आणि वाचलेलं धान्य प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या आधी कुणा गरजवंताला द्यायचं. शुक्रवारी आणखी एक काम असे. आठवड्यात मनात काय दिसलं, ते प्रत्येकाने सगळ्यांपुढे सांगायचं.

आधीच्या वर्षांत शास्त्र मामाच वाचायचे. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बुधवारी संध्याकाळी त्यांनी पुस्तक उघडलं, दिव्याजवळ नेलं, लांब धरलं, मग मिटलं आणि जाऊबाईंच्या पुढे ठेवलं.

"आजपासून तू वाच, पोरी."

जाऊबाईंनी पदर सावरला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज असा की आत्याबाईंचे डोळे पहिल्याच ओळीला भरून आले. मी पोरीला मांडीवर घेऊन मागे बसले होते. पोर कुरकुरली तशी आत्याबाईंनी मागे वळून हळूच म्हटलं, "हिला भाईर घेऊन जा की जरा. ऐकू येईना."

मी बाहेर गेले. ओट्यावर उभी राहून पोरीला थोपटत होते आणि आतून तो आवाज येत होता. रानातला मोह, भुकेलेला प्रभू, सैतानाने दाखवलेला दगड. मला सगळं ऐकू येत होतं. पण त्या खोलीत माझ्यासाठी जागा उरली नाही, एवढंच त्यातून माझ्या मनाने घेतलं.

पहिल्या शुक्रवारी मामांनी विचारलं तेव्हा थोरले दीर म्हणाले, दवाखान्यात गरिबावर आपण खेकसतो, ते बरं नाही. आत्याबाई म्हणाल्या, शेजारणीचं कोंबडं आपल्या अंगणात आलं की आपण मुद्दाम जोरात हाकलतो. सगळे हसले. जाऊबाई म्हणाल्या, "मला माझ्या प्रार्थनेत शब्दच फार दिसले. त्यामागे मी कमी दिसले." मामांनी मान डोलावली आणि बराच वेळ डोलावत राहिले.

मग माझी पाळी आली.

"माझं डोकं दुखतंय," मी म्हणाले.

"ते मनात दिसलं का?" मामांनी विचारलं.

"मनात काय दिसंल? दिवसभर पोर, दळण आन शेण. मनात बघायला येळ कोन देतंय मला?"

आत्याबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. मामा म्हणाले, "हेबी खरं हाय," आणि प्रार्थना संपवली. जाऊबाई उठताना माझ्या हातातून पोरीला घेऊ लागल्या. "आणा, मी घेते थोडा वेळ. तुम्ही पडा." मी पोर दिली नाही. दिली असती तर त्या चांगल्या आणि मी थकलेली, असं झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यात जाऊबाईंनी आपला उपास वाढवला. संध्याकाळचं माडगंही सोडलं. सकाळी अर्धी भाकरी खायची, मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत काही नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण वाडगं पालथं राहिलं की घरात कळतंच. आत्याबाई शेजारी सांगून आल्या. रविवारी प्रार्थनेला आलेल्या बाया जाऊबाईंकडे अशा बघत होत्या, जशी ती बाई पाण्यावरून चालत आली असावी. एकीने त्यांच्या पायाला हात लावला. जाऊबाईंनी पटकन पाय मागे घेतला, त्यावरून तर त्यांचं आणखी कौतुक झालं.

सोमवारपासून मीही माडगं सोडलं.

मी अंगावर पाजत होते. तसं करू नये हे मला कुणी सांगायला नको होतं. पण त्या बायांचे डोळे माझ्यापुढून हलेनात. मला वाटायचं, भूक तर भूक, ती मलाही मारता येते. तिला कुठं अक्षर लागतं? सकाळची भाकरी मी अर्धी केली आणि राहिलेली अर्धी सगळ्यांना दिसेल अशी टोपल्यात ठेवली.

आमच्या शेजारी एक पिंजारीण राहायची. नवरा मेल्यावर गाद्यांचा कापूस पिंजून पोट भरायची. सगळी वस्ती तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. त्या वर्षी तिचे रोजेही आमच्या उपासातच आले होते. सूर्य मावळला की ती आमच्याकडे विस्तव न्यायला यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मी चुलीशी बसून पोरीला पाजत होते आणि पोर सारखी तोंड सोडून रडत होती. खाला दारातच थांबली.

"दूध नाही उतरता क्या?"

मी पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"तू भी भूकी है?" तिने वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. "अगे बाई, दूध पिलानेवालीकू रोजा माफ है. अल्ला खुद छोड देता, तू कौन बडी आई?"

"आमचा देव येगळा हाय, खाला," मी चिडून म्हणाले.

"देव अलग होएंगा. बच्चे का पेट तो एकच है."

विस्तव खापरात घेऊन ती गेली, पण जाताना आत्याबाईंच्या कानावर घालूनच गेली.

आत्याबाई आल्या त्या पदर खोचून. त्यांनी पोर माझ्याकडून ओढून घेतली, तिच्या ओठांवर बोट फिरवलं, मांडी चिमटीत धरून पाहिली. पोर दोन दिवसांत उतरली होती, आणि ते आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं, मी धरून.

"कावून केलंस गं हे?"

"मोठ्या बाई करतात त्ये चालतंय. मी केलं की कावून?"

"तिच्या अंगावर कोन पितंय?"

जाऊबाई दळणाचं टोपलं घेऊन नेमक्या तेव्हाच दारात आल्या होत्या. ते वाक्य त्यांनी ऐकलं. टोपलं खाली ठेवून त्या तशाच मागे वळल्या. माझ्या मनाला तेव्हा त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बघा, भांडण माझं आणि लक्ष पुन्हा यांच्याकडे.

मामा पुढच्या खणातून आत आले. त्यांना सगळं सांगण्यात आलं. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. सासरा सुनेसमोर असा कधी बसत नसतो.

"ऐक, पोरी. प्रत्येकाचा उपास सारखा नसतो. तुझा उपास खान्याचा. चार येळा खायचं, मन असो नसो. आनि ते कमी वाटून घ्यायचं न्हाई. खाऊन दाखवनं तुला जास्त जड जाईल, हे मला दिसतंय." मग त्यांनी जाऊबाईंना हाक मारली. "हिच्या खान्याचं तू बघायचं. हाळीव, खारीक, शेपू, जे लागंल ते. तिनं खाल्लं का न्हाई, हे तू मला सांजच्याला सांगायचं."

"बरं, मामा," जाऊबाई म्हणाल्या.

मामांना वाटलं असावं की यातून आम्ही दोघी जवळ येऊ. माझ्यासाठी त्यांना याहून मोठी शिक्षा सापडली नसती.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई रोज पहाटे उठून माझ्यासाठी गव्हाची लापशी करायच्या. दुपारी गूळ घालून हाळीव. बाजाराच्या दिवशी थोरल्या दिरांना सांगून त्यांनी नेकनूरहून खारका मागवल्या, दगडाने कुटल्या, दुधात शिजवल्या. स्वतः उपाशी राहून, त्या वासात तोंड न फिरवता त्या ते सगळं रांधायच्या आणि ताट माझ्यापुढे ठेवून समोर बसायच्या.

"घ्या ना अजून."

"पोट भरलं."

"एक घास. माझ्यासाठी."

मी घास घ्यायची आणि तो गिळताना मला वाटायचं, या बाईने आता उपासही जिंकला आणि दानही जिंकलं. वस्तीत आत्याबाई सांगत होत्या, "स्वतः उपाशी राहून जावेला भरवती. अशी सून मिळाया लागते." म्हणजे माझं भरलेलं पोटही त्यांच्याच खात्यात जमा. मी लोणचं मागितलं तर त्या लोणचं आणायच्या. मी मुद्दाम म्हणाले, लापशीत गाठी झाल्यात, तर त्यांनी ती माझ्यादेखत पुन्हा नव्याने केली. एकदा तरी त्या चिडाव्यात, एकदा ताट आपटावं, म्हणून मी वाट बघत राहिले. त्या चिडल्या नाहीत. दूध उतरलं. पोरीच्या गालावर पुन्हा तेज आलं. ती जाऊबाईंकडे बघून हसायला लागली आणि मी तिला कुशीवर फिरवून भिंतीकडे तोंड करून झोपवायला लागले.

मग तो शुक्रवार आला. ज्वारीची काढणी संपत आली होती, त्यामुळे माझे मालकही त्या संध्याकाळी घरी होते. वाचन झालं, प्रार्थना झाली. गप्प बसण्याचा वेळ त्या दिवशी लांबला. बाहेर ओढ्याच्या बाजूने कुणाच्या तरी बैलांच्या घंट्या वाजत गेल्या. मामांनी विचारलं, "कोन बोलतंय आधी?"

"मी बोलते," जाऊबाई म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा मोत्यासारखे शब्द.

त्या मांडी घालून बसल्या होत्या. पुस्तक अजून त्यांच्या पुढ्यात उघडं होतं. त्यांनी ते मिटलं.

"धाकट्या बाईचं दूध आटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

कुणाला ऐकलेलं समजलंच नाही. आत्याबाई म्हणाल्या, "काय?"

"मला आनंद झाला. खाला दारात बोलत होत्या ते मी जात्यावरून ऐकलं आणि माझ्या मनात आलं, बरं झालं. एकदा तरी हिचं रिकामं राहू दे. आणि उपास मी देवासाठी वाढवला नव्हता. ती बघून करील हे मला ठाऊक होतं. तिला मी रोज बघत होते, ती माझ्याकडे कशी बघते ते. मला माहीत होतं ती करील. तरी मी केला."

त्यांचा आवाज हलला नाही. वाचताना असायचा तसाच होता. त्यामुळेच ते जास्त भयंकर वाटलं. माझ्या मालकांनी एकदम उठून दाराची चौकट धरली. थोरले दीर खाली मान घालून बसले. आत्याबाईंनी माझ्या मांडीवरून पोर उचलली आणि छातीशी दाबली, जणू कुणी ती न्यायला आलं आहे.

"तोंडानं शास्त्र वाचतीस आन मनात हे?" आत्याबाई ओरडल्या. "लेकराच्या जिवावर?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या.

मामांचे अधू डोळे दिव्याकडे होते. शेवटी ते म्हणाले, "मी सांगितलं होतं आत बघा म्हनून. हिनं बघितलं. आता तिला कुनी मारू नका."

तेवढ्यात जाऊबाई रडायला लागल्या. कधी न रडणारी बाई रडते तेव्हा घर हादरतं. थोरले दीर त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले, मामा पुटपुटत प्रार्थना करू लागले, आणि बघता बघता आत्याबाईही, अजून पोर छातीशी घट्ट धरूनच, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गप. गप की. तुझीबी कूस हाय गं, मला कळत न्हाई का?"

मी एकटी भिंतीला टेकून होते. जिचं लेकरू, जिचं दूध, ती मी. आणि सगळं घर त्यांचे डोळे पुसत होतं. मला राग आला होता, भीती वाटली होती, पण या सगळ्यांच्या वर मला पुन्हा तेच वाटत होतं. ही पाप सांगते तेही माझ्यापेक्षा चांगलं सांगते. मला कधी जमलं असतं का असं?

माठात त्या दिवशी मूठ टाकायची कुणालाच आठवण राहिली नाही.

त्यानंतर घरात सगळं सुरळीत चालू होतं आणि काहीच सुरळीत नव्हतं. माझं ताट आता आत्याबाई वाढायच्या. जाऊबाईंनी माडगं पुन्हा प्यायला सुरुवात केली, कारण मामांनी तसं सांगितलं होतं. वाचनही त्यांनीच करायचं, असंही मामांनी सांगितलं. आत्याबाईंना ते पटलं नव्हतं, पण मामा म्हणाले, "ज्याचं त्वांड स्वच्छ त्यानंच वाचायचं म्हनलं, तर पुस्तक कायमचं मिटावं लागंल." जाऊबाई वाचायच्या, पण आता मध्येच अडखळायच्या. पोरीजवळ त्या फिरकत नव्हत्या. पोर रांगायला लागली होती. ती त्यांच्या लुगड्याकडे सरकली की त्या हातातलं काम टाकून दुसऱ्या खणात निघून जायच्या.

मला वाटलं होतं, मला समाधान होईल. झालं थोडं, पहिल्या दोन-चार दिवसांत. मग माझ्या ध्यानात आलं की मी दिवसभर त्यांच्याकडेच बघते आहे. त्या कुणाला काय बोलतात, आत्याबाई त्यांच्याशी आज दोन शब्द जास्त बोलल्या का, थोरले दीर त्यांच्यासाठी नेकनूरहून काय घेऊन आले. पोर माझ्या मांडीवर असायची आणि मन त्यांच्यामागे दुसऱ्या खणात गेलेलं असायचं.

प्रभूला क्रुसावर दिलं त्या उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात पाय धुण्याची रीत होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून मामा मोठी पितळी परात मध्ये ठेवायचे. थोरल्याने धाकट्याचे पाय धुवायचे, असा त्यांचा क्रम. मामांनी आत्याबाईंचे धुतले. आत्याबाई दरवर्षीप्रमाणे लाजल्या आणि म्हणाल्या, "पुरे की, झिजवता का?" आत्याबाईंनी थोरल्या दिरांचे धुतले, दिरांनी माझ्या मालकांचे. मग जाऊबाईंनी माझे धुवायचे होते.

त्यांनी परात माझ्यापुढे सरकवली आणि गुडघ्यांवर बसल्या. मी पाय पुढे केला नाही. लुगड्याखाली पाय घट्ट आवळून बसले. मामांना दिसत नव्हतं, पण पाण्याचा आवाज आला नाही म्हणून त्यांना कळलं असणार.

जाऊबाई वाट बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या केसांच्या भांगात मला दोन-चार पांढरे केस दिसले. ते मी आधी कधी बघितले नव्हते. एवढे दिवस मी या बाईकडे बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

"माझे ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

त्यांनी परात मागे घ्यायला हात घातला.

"तसं न्हाई. आधी हिचे धुवा." मी पोरीला पुढे केलं. "माझ्याहून धाकटी हीच हाय घरात."

मी असं का म्हणाले, मला आजही नीट सांगता येणार नाही. मोठं मन वगैरे झालं नव्हतं माझं. इतके दिवस त्या तिला शिवत नव्हत्या आणि पोर त्यांच्यासाठी रडत होती, ते मला बघवत नव्हतं, एवढं खरं. रडत होती याचाही मला हेवाच वाटत होता. पण लेकरू रडतं ते रडतंच.

जाऊबाईंनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी तोंड फिरवलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. मग जाऊबाईंनी पोरीला घेतलं, परातीच्या काठावर उभी धरली आणि तिच्या एकेका पावलावर ओंजळीने पाणी सोडलं. पोरीला पाणी फार आवडायचं. तिने दोन्ही पाय आपटले. सगळं पाणी जाऊबाईंच्या तोंडावर, पदरावर, मामांच्या पुस्तकावर. पोर खिदळायला लागली आणि थांबेचना. थोरले दीर हसले, मग माझे मालक, मग मामा विचारू लागले, "काय झालं? काय झालं गं?"

"पुस्तक भिजलं, मामा," जाऊबाई म्हणाल्या.

"भिजू दे. वाळंल."

मग त्यांनी माझे पाय धुतले. त्यांचे हात थंड होते.

माठातलं धान्य आम्ही शनिवारी वाटलं. त्या वर्षी बीडच्या रस्त्याला दगड फोडायला आलेल्या वडारांची पालं ओढ्यापलीकडे पडली होती आणि त्यांचं काम मध्येच थांबलं होतं. मामांनी विचारलं, कोण नेऊन देणार. आम्ही दोघीच निघालो. टोपलं त्यांच्या डोक्यावर, पोर माझ्या कडेवर. पळस फुलून गेले होते आणि ऊन चटकत होतं. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "बदलून घेऊ या का?"

मला वाटलं टोपलं जड झालं. मी टोपलं घ्यायला हात वर केले तेव्हा कळलं की त्या पोरीसाठी हात पुढे करून उभ्या होत्या. मी टोपलं घेतलं. पोर त्यांच्याकडे गेली. माझ्या मानेवर चांगलं ओझं आलं आणि त्या दोघी पुढे बडबडत चालल्या. मी मागून चालत होते आणि माझ्या पोटात तीच जुनी आग होती. ती गेली नाही. पण मी टोपलं परत मागितलं नाही.

पालांतल्या एका म्हातारीने धान्य पदरात घेतलं आणि पोरीकडे बघून जाऊबाईंना विचारलं, "तुमची का?"

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "आमची."

पावसाळा संपल्यावर थोरल्या दिरांची बदली मोमिनाबादच्या दवाखान्यात झाली. गाडीत सामान चढवताना जाऊबाईंनी मला अक्षरं काढलेली एक पाटी दिली. "रोज एक गिरवा," म्हणाल्या. मी पाटी घेतली. त्या गेल्यावर आठ दिवस मी ती हातात धरली नाही, मग धरली. पोर दाराच्या उंबऱ्यावर बसून त्या गेल्या त्या रस्त्याकडे बोट दाखवत राहायची. आत्याबाई म्हणाल्या, "ईसरंल." ती लवकर विसरली नाही. मी तिला कडेवर घेऊन रोज ओढ्यापर्यंत न्यायची, तिचा जीव रमवायला. माझा रमला नाही तरी.

दुसऱ्या वर्षी उपासाच्या आधी थोरले दीर एकटेच येऊन गेले. दवाखान्यात बाळंत होऊन मेलेल्या एका बाईची मुलगी जाऊबाईंनी घरी आणली होती. तिला दूध पचत नव्हतं, रात्रंदिवस जाऊबाई तिच्याजवळ बसून होत्या, आता कुठे ती सावरली होती. मामांनी हात जोडले. आत्याबाई रडून रडून सांगू लागल्या, अशी सून मिळाया लागते. बाजूच्या बाया ऐकायला जमल्या.

मी आत जाऊन माझ्या पोरीची जुनी कुंची काढली. चांगली होती, दीर परत जातील तेव्हा पाठवता आली असती. हातात घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. मग माझ्या लग्नातल्या खणाचं कापड काढलं, लाल, काठाचं, आणि नवी कुंची शिवायला बसले. जाऊबाईंचं शिवणकाम बोर्डिंगातलं, सफाईचं. माझा टाका त्याहून बारीक पडायला हवा होता. दोनदा उसवला. दीर निघेपर्यंत पुरी झाली. कडेला मी सुताचे तीन गोंडे लावले, कारण दोन सगळेच लावतात.